कोय निविदेत बसत नाही

सेवानिवृत्त अधिकाऱ्याची एक खोड सहसा जात नाही. समोर कोणतीही टिपणी आली की त्याची नजर आधी मंजुरीच्या रकमेवर जाते आणि मग खालच्या रिकाम्या जागेवर, जिथे सही करायची असते. बेळ्ळंदूरला मुलीकडे राहू लागल्यापासून माझ्यापुढे सरकारी कागद येत नाहीत. पण गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या निवासी संकुलाच्या समितीची एक टिपणी माझ्याकडे अभिप्रायासाठी आली आणि जुने सर्व आठवले. पाच जूनच्या पर्यावरण दिनासाठी एकशेवीस रोपे घ्यायची होती. ताबेबुया, फॉक्सटेल पाम आणि शोभेचा फायकस. तीन दरपत्रके जोडलेली, त्यांतील सर्वांत कमी दराची शिफारस केलेली, रोपे पाच फूट उंचीची आणि 'एकसारख्या वाढीची' असावीत अशी अट घातलेली. प्रक्रियेच्या दृष्टीने टिपणी निर्दोष होती. अशाच निर्दोष टिपण्यांवर मी तीस वर्षे सह्या केल्या, म्हणूनच तिच्यात काय चुकले आहे ते मला लगेच दिसले.

सभेत मी एवढेच सुचविले की एकशेवीस रोपांपैकी निम्मी तरी विकत न घेता आपणच बियांपासून करावीत. फणस, जांभूळ, रायवळ आंबा, चिंच, बेल, करवंद अशी खाण्याजोगी झाडे, आणि त्यांच्या पायथ्याशी शेवगा, हादगा, कढीपत्ता, तोंडली, सुरण, म्हणजे एकदा लावले की वर्षानुवर्षे ताटात काहीतरी वाढणारी झाडेझुडपे. त्या आठवड्यात संकुलातल्या घराघरांत आंबा चालू होता. ओल्या कचऱ्याच्या पिंपांत कोयींचा खच पडला होता आणि त्या लवकर कुजत नाहीत म्हणून खतयंत्र चालविणारा मुलगा त्या वेगळ्या काढून पोत्यात भरून बाहेर पाठवीत होता. बियाणे पैसे देऊन घालविण्याचे काम चालू होते आणि त्याच सभेत रोपांसाठी पैसे मंजूर होत होते.

माझ्या सूचनेवर जे आक्षेप आले ते अपेक्षितच होते. फळे मोटारींवर पडतील. वटवाघळे येतील. मुले झाडावर चढतील. बाहेरची माणसे कुंपणावरून दगड मारतील. शेवटी नाशिकचा एक तरुण अभियंता उठला. तो माझ्याशी मराठीत बोलतो आणि मला काका म्हणतो. तो म्हणाला, "काका, कोय लावून आंबा लागायला आठ-दहा वर्षं. आमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे." सभा हसली. मला मात्र त्या दिवसातला हाच एक खरा आक्षेप वाटला, कारण तो झाडाविषयी नसून व्यवस्थेविषयी होता. अकरा महिन्यांचा करार काय, तीन वर्षांत बदली होणारा अधिकारी काय, पाच वर्षांचा नगरसेवक काय आणि एकतीस मार्चला संपणारे अनुदान काय, यांतल्या कोणालाच आठ वर्षांनी फळणाऱ्या वस्तूशी व्यवहार करता येत नाही. म्हणून आपण वृक्षारोपण म्हणून जे करतो, ते प्रत्यक्षात रोपखरेदी असते.

हे विधान कडक वाटेल. ते मी माझ्याच अनुभवातून करतो आहे.

एका जिल्ह्यात असताना पावसाळी लागवडीचे उद्दिष्ट माझ्याकडे होते. उद्दिष्ट येई ते ऑक्टोबरनंतर. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी हे सोपस्कार होऊन पैसा हातात येई जानेवारीत, आणि तो मार्चअखेर खर्ची पडला नाही तर परत जाई. म्हणजे रोपवाटिकेसाठी बी विकत घ्यायचे ते जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत. आता या तीन महिन्यांत आपल्याकडे कोणते बी मिळते? गुलमोहर, काशिद, सुबाभूळ, शिरीष. ही सारी शेंगावर्गातील झाडे. शेंगा झाडावर वाळतात, बियांचे कवच टणक असते, पोत्यात भरून ठेवले तर वर्ष-दोन वर्षे त्यांचे काही बिघडत नाही. साठा नोंदवहीत लिहिता येतात, वजन करून देता येतात, लेखापरीक्षकाला दाखविता येतात. सरकारी भांडारासाठीच निसर्गाने घडविल्यासारखे हे बी आहे.

याउलट आंबा, फणस, जांभूळ, कोकम, करवंद यांची फळे पिकतात एप्रिल ते जुलैमध्ये. नेमके तेव्हा गेल्या वर्षीचे अनुदान व्यपगत झालेले असते आणि नव्या वर्षीचे यायचे असते. शिवाय आंबा, फणस, जांभूळ, कोकम यांचे बी वाळवून ठेवता येत नाही. आपल्या शेतकऱ्याला धान्याच्या बियाण्याची सवय; ते जितके चांगले वाळेल तितके चांगले टिकते. फणसाच्या आठळीचे उलट आहे. ती ओलाव्यासकट जिवंत असते आणि वाळली की मरते. फळातून निघाल्यावर महिनाभराच्या आत, शक्यतो आठवड्याभरात, ती मातीत गेली पाहिजे. जांभळाचेही तेच, आंब्याच्या कोयीचेही थोड्याफार फरकाने तेच. ज्या वस्तूला फळ फोडल्यापासून आठवडाभरात मातीत घालावे लागते, तिच्यासाठी तीन दरपत्रके कशी मागवणार?

मी मागविली होती. एका जूनमध्ये एक वनमजूर आपल्या पाड्याजवळच्या जांभळांचे दोन पोती बी घेऊन कार्यालयात आला. झाडे त्याने स्वतः निवडली होती. फळ मोठे, गर जास्त, बी लहान. पैसे तो फारसे मागत नव्हता. लेखाशाखेने विचारले की हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, आणि एकाच पुरवठादाराकडून घेण्याचे समर्थन काय. मी नियमाप्रमाणे फाइलवर 'चर्चा करावी' असे लिहिले. चर्चा तीन आठवड्यांनी झाली. तोवर पोती व्हरांड्यात पडून बी आंबले होते. त्या वर्षी आम्ही जांभळाची रोपे शेजारच्या जिल्ह्यातून विकत आणली. ती कोणत्या झाडांच्या बियांची होती हे आम्ही विचारले नाही, आणि विचारले असते तरी सांगणारे कोणी नव्हते.

यातून एकटी चिंच सुटते. ती शेंगावर्गातली, फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकणारी, चिंचोका टणक. म्हणजे फळझाड असूनही कोषागाराच्या वेळापत्रकात बसणारी. सरकारी लागवडीत फळझाड म्हणून चिंच पुष्कळदा दिसते, ती चवीसाठी नव्हे.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले. त्यावर पुढे राजकारण झाले, २०२१ मध्ये चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याचीही घोषणा झाली. किती रोपे खरोखर लावली, या वादात मला शिरायचे नाही. आकडा शंभर टक्के खरा मानला तरी माझा आक्षेप शिल्लक राहतो. आकड्याचा एकक चुकला आहे. एक जुलैला एका खड्ड्यात उभे असलेले रोप मोजले की फणस आणि काशिद यांची किंमत सारखी होते, आणि मग स्वस्त व सोयीचे जे, तेच लावले जाते. महाराष्ट्राच्या शहरी वृक्षकायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचा नियम आला. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले गेले. हेतू चांगला. पण साठ वर्षांच्या रायवळ आंब्याच्या बदल्यात साठ शोभेची रोपे लावली तर हिशेब जुळतो आणि आंबा मात्र नाहीसा होतो.

कोणी म्हणेल, शासनाने फळझाडांसाठी काही केलेच नाही का? केले, आणि चांगले केले. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागाचे रूप पालटले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ती योजना मुख्यतः कलमांची होती. शेतकऱ्याला बाजारात एकसारखे फळ विकायचे असते, कलमाला तीन-चार वर्षांत फळ लागते, त्यामुळे बागेत कलम हेच योग्य. माझी तक्रार अशी की बागेचा हा नियम आपण न विचारता गावठाण, गायरान, रस्त्याची कड, शाळेचे आवार, तलावाचा काठ या सर्व ठिकाणी लावला. तिथे फळ पेटीत भरून दुबईला पाठवायचे नाही. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याने ते खायचे आहे, पाखरांनी खायचे आहे, आणि एका झाडाला रोग आला तर शेजारचे वाचले पाहिजे. देवगड ते रत्नागिरी हापूसची लाखो कलमे म्हणजे जनुकीय दृष्टीने जवळजवळ एकच झाड आहे. त्याच्या फळात साका होतो तो सर्वत्र होतो. त्यावर उपाय म्हणून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ मध्ये 'रत्ना' ही जात आली. ती नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झाली, म्हणजे मुळात एका कोयीतूनच उगवली.

खरे तर प्रत्येक नामवंत जात अशीच कधीतरी एका कोयीतून आली. दशहरीचे मूळ झाड लखनौजवळ काकोरीच्या परिसरातील त्याच नावाच्या गावात आजही दाखवितात. हापूसही पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात कोणीतरी एका झाडावरून निवडला, मग त्याची कलमे बांधली गेली. आणि प्रत्येक कलमाच्या पायाखाली पुन्हा एक कोय असतेच. हापूसच्या कलमाचा खुंट रायवळ असतो. घोलवड-डहाणूचा चिकू खिरणीच्या रोपावर उभा आहे, आणि खिरणी बियांपासूनच होते, तीही अतिशय सावकाश. २०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या खिरणीच्या मुळांवर तो उभा आहे, तिची जुनी झाडे कोठे किती उरली याची नोंद ठेवणारी वही मी माझ्या सेवेत कोणत्याही कार्यालयात पाहिली नाही.

आता बेळ्ळंदूरकडे येतो. येथे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे गाव तीन गोष्टींसाठी माहीत असते: बाह्य वर्तुळमार्गावरची वाहतूक, कचेऱ्यांचे मनोरे आणि तलावाचा फेस. सुमारे नऊशे एकरांचा, बंगळुरातला हा सर्वांत मोठा तलाव २०१५ ते २०१८ या काळात पेटल्यामुळे जगभर गाजला. जानेवारी २०१८ च्या आगीत लष्कराला उतरावे लागले. पण मी प्रशासनाचा माणूस असल्याने मला येथली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २००७ मध्ये महापालिकेत विलीन होण्याआधी बेळ्ळंदूर ही ग्रामपंचायत होती, आणि संगणकावर कर व मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या ग्रामपंचायतींमध्ये तिचे नाव घेतले जाई. म्हणजे येथे नोंद ठेवण्याची परंपरा होती. आणि या मुलखातल्या महसुली नोंदींत जमिनीचा एक प्रकार होता, जो आपल्या सातबाऱ्यावर नाही: गुंडु तोपु.

गुंडु तोपु म्हणजे गावाची राई. गावाजवळ, पुष्कळदा तलावाच्या बाजूला राखलेली सामाईक जमीन, तीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, करंज यांची मोठी झाडे. सावलीत गुरे बसत, जत्रा भरे, वाटसरू थांबत, फळांच्या लिलावातून गावाला थोडे उत्पन्न होई. झाड वठले की त्या जागी दुसरे लावले जाई. अझीम प्रेमजी विद्यापीठातील हरिणी नागेंद्र आणि सीमा मुंदोळी यांनी बंगळुराच्या या आग्नेय पट्ट्यातील तोपुंचा अभ्यास केला आहे. त्यात दिसते ते एकच चित्र: शहर पसरत गेले तसतसे कुठे बसथांबा, कुठे शाळा, कुठे सरकारी कार्यालय असे करत तोपु संपत गेले. सरकारी जमीन मोकळी दिसली की तीवर सार्वजनिक उपयोगाची इमारत उभी राहते. राई हाच सार्वजनिक उपयोग आहे, हे मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला सुचत नाही. मलाही सुचले नसते. माझ्या सेवाकाळात दोन गावांतल्या आमराईच्या जागेवर मी इमारती मंजूर केल्या आहेत, आणि दोन्ही फायलींत 'जागा विनावापर पडीक' असे लिहिलेले होते.

या प्रदेशाला आपण काय गमावतो आहोत हे पाहायचे असेल तर एका रविवारी देवनहळ्ळीजवळच्या नल्लूरला जावे. चोपन्न एकरांचे चिंचवन आहे, सुमारे तीनशे झाडे. झाडांच्या वयाविषयी दंतकथा चोळ राजांपर्यंत जातात. त्या सोडल्या तरी कित्येक बुंधे शतकांचे आहेत हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. २००७ मध्ये जैवविविधता कायद्याखाली देशातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून हे वन जाहीर झाले. व्याघ्रप्रकल्प नव्हे, दुर्मीळ देवराईही नव्हे. खाण्याच्या चिंचेची राई देशात पहिली आली. विमानतळाला जाताना आपण तिच्यापासून थोड्याच अंतरावरून जातो.

तुमकूर जिल्ह्यात चेळूरला एका शेतकऱ्याच्या जमिनीत वडिलांनी लावलेला फणस होता. त्याची फळे अडीच किलोच्या आसपासची, गरे तांबूस, चवीला उत्कृष्ट. हेसरघट्टाच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने त्या झाडाची पाहणी केली, त्याला त्या वडिलांवरून 'सिद्दू' असे नाव दिले आणि २०१७ मध्ये शेतकऱ्याशी करार केला. कलमे संस्थेने बांधायची आणि विक्रीतला पंचाहत्तर टक्के वाटा शेतकऱ्याला द्यायचा. करार मी प्रशासकीय दृष्टीने वाचण्यासारखा मानतो, कारण त्यात झाड सांभाळणाऱ्याचा हक्क लिहून मान्य झाला आहे. पण त्याआधी पस्तीस एक वर्षे ते झाड कोणत्याही योजनेशिवाय उभे राहिले होते. फणसाचे परागीभवन परक्या झाडाकडून होते, म्हणून प्रत्येक आठळीतून वेगळे झाड निघते. कापा निघेल, बरका निघेल, दहांत आठ साधारण निघतील. त्या दहांपैकी एखादे सिद्दू असते. एकसारख्या वाढीची अट घालून आपण नेमके तेच कायमचे वगळतो. (अडीच किलोचा फणस शीतकपाटात बसतो. सदनिकेत राहणाऱ्यांसाठी यापेक्षा मोठी शिफारस ती कोणती?)

प्रत्येक कोयीतून अनिश्चितताच येते असेही नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि त्यातून होणारे झाड आईसारखे होईलच असे नाही. पण केरळच्या मूवांदन, चंद्रकारन यांसारख्या पश्चिम किनाऱ्यावरील काही जातींच्या कोयीत अनेक गर्भ असतात. एका कोयीतून दोन-तीन कोंब येतात आणि त्यांतील बहुतेक आईचीच प्रतिकृती असतात. निसर्गानेच बांधलेले कलम म्हणा. याउलट कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून लावले तर निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. कोकमाच्या बाबतीत म्हणूनच मी कलमाचा आग्रह धरीन. सर्वत्र बी लावा असे म्हणणारा मी नाही. कोणते झाड कोठे कसे लावावे हा विचार फाइलीतून हद्दपार झाला आहे, ही माझी तक्रार आहे.

बियांच्या बाजूने एक मुद्दा मात्र असा आहे, ज्याला मला कोणी उत्तर दिलेले नाही. जागेवर लावलेल्या कोयीचे सोटमूळ सरळ खाली जाते. पिशवीतल्या रोपाचे मूळ तळाशी पोहोचून गुंडाळते, आणि वर्षभर पिशवीत राहिलेले रोप खड्ड्यात गेल्यावरही ते वेटोळे पुष्कळदा सुटत नाही. पहिल्या दोन उन्हाळ्यांत टँकर लागतो तो म्हणूनही. कोकणातले जुने बागायतदार कोय जागेवरच रुजवून तिच्यावर जागेवरच कलम बांधीत; मूळही खोल आणि फळही हवे ते. हा मार्ग सरकारी योजनेत क्वचितच दिसतो, कारण पहिल्या वर्षी मोजायला खड्ड्यात वीतभर कोंबाखेरीज काही नसते.

बंगळूरने एकेकाळी हे धीराने केले आहे. क्रुम्बिगेल १९०८ मध्ये लालबागेत आले आणि त्यांनी वर्षभर एकामागून एक फुलणाऱ्या झाडांचे शहर आखले. त्या फुलांचे कौतुक मलाही आहे. फेब्रुवारीत ताबेबुया फुलतो तेव्हा मीही थांबून पाहतो. त्यानंतर १९८२ पासून वनखात्याचे एस. जी. नेगिनहाळ यांनी पाच-सहा वर्षांत सुमारे पंधरा लाख झाडे या शहरात लावली. रोपे पुरेशी उंच करून, कुंपण घालून, जगतील अशी लावली. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी पंधरा लाखांचा आकडा छापला. माझ्या मते लक्षात ठेवण्याजोगा आकडा दुसरा आहे: एका अधिकाऱ्याला एकाच कामावर सलग पाच वर्षे मिळाली.

आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. मोटारींवर फळ पडण्याचा आक्षेप मी गंभीरपणे घेत नाही. फणस वाहनतळाजवळ लावू नये एवढे तारतम्य माळ्याला असते. मुले झाडावर चढतील, तर चढोत. तलावाच्या पाण्याचा आक्षेप मात्र मी सर्वांत गंभीर मानतो आणि तो सभेत कोणीच घेतला नाही. बेळ्ळंदूर-वर्तूरच्या सांडपाण्यावर पिकविलेल्या भाज्यांत जड धातू सापडल्याचे अभ्यास झालेले आहेत. पालेभाजी मातीतले असे धातू अधिक ओढून घेते, झाडाचे फळ सहसा पुष्कळ कमी. तेव्हा तलावकाठी आणि राजकालुव्यांच्या कडेला अळू, पालक, तोंडली यांचा मोह धरू नये. तिथे मोठी झाडे असावीत आणि फळ खाण्याआधी मातीची तपासणी झालेली असावी. भाज्यांची बहुवर्षायू झाडे संकुलाच्या आतल्या स्वच्छ मातीत.

पण आत माती आहे का? आमच्या संकुलातील हिरवळीचा मोठा भाग तळघरातल्या वाहनतळाच्या छतावर पसरलेला आहे, दोन-अडीच फूट मातीचा. तिथे जांभूळ उभे राहू शकत नाही. नकाशा मंजूर करताना झाडे किती हे विचारले जाते. त्यांच्याखाली अस्सल जमीन किती हे विचारल्याचे मी पाहिलेले नाही. २०१५ च्या सुधारित बृहत् आराखड्याने तलावाभोवती तीस मीटर आणि राजकालुव्यांच्या बाजूंना पन्नास, पंचवीस, पंधरा मीटर जागा मोकळी सोडायला सांगितले होते. हरित लवादाने २०१६ मध्ये तलावासाठी ती पंचाहत्तर मीटर केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. मीटर किती असावेत यावर वर्षानुवर्षे वकिली झाली. त्या मोकळ्या पट्ट्यात काय उगवावे यावर, माझ्या वाचनात तरी, एकही गंभीर टिपणी आलेली नाही. गुंडु तोपुंची वारसदार जमीन असेल तर ती हीच.

माझी मागणी मोठी नाही. २०२५ मध्ये बंगळुराच्या महापालिकेचे पाच तुकडे झाले. नवे कार्यालय जुनी सवय लागण्याआधी थोडे ऐकून घेते असा माझा अनुभव आहे. लागवडीची मंजुरी एका वर्षाची न देता सलग चार वर्षांची द्यावी, तीही जूनपासून जूनपर्यंत. बी देणाऱ्या मातृवृक्षांची वही ठेवावी, झाड कोठे, कोणाचे, फळ कसे, पिकते कधी. आणि त्या झाडाच्या मालकाला बियांचे पैसे निविदेशिवाय देता यावेत. देयक लागवडीच्या दिवशी न काढता तिसरा उन्हाळा संपल्यावर जिवंत झाडे मोजून काढावे. यातली शेवटची सूचना मी सेवेत असताना एकदा लेखी केली होती. 'उद्दिष्टपूर्तीस विलंब होईल' असा शेरा पडून ती परत आली, आणि मी ती पुन्हा पाठविली नाही.

मराठी मुलखात या विचाराची वंशावळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठीही रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत असे आहे, कारण लोकांनी ती झाडे दीर्घकाळ पोटच्या लेकरांसारखी वाढविलेली असतात. अठराव्या शतकाच्या आरंभी राज्याच्या कारभाऱ्याला झाड वाढायला लागणारा काळ हा धोरणाचा विषय वाटत होता.

आमच्या संकुलाचे काय झाले ते सांगून थांबतो. एकशेवीस रोपांची खरेदी मंजूर झाली; सांडपाणी शुद्धीकरण यंत्रामागची, खाली छत नसलेली चाळीस फुटांची पट्टी मला 'प्रायोगिक तत्त्वावर' मिळाली. आमचा माळी कोलार जिल्ह्यातला, आंब्याच्या मुलखातला. आठळी कशी धरायची, किती खोल घालायची, यावर मी छापील माहिती वाचून दाखवू लागलो तेव्हा तो हसून म्हणाला, "हाकी सार्, बरुत्ते." घाला साहेब, येते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही एकतीस आठळ्या, बावीस जांभळाच्या बिया आणि कचऱ्याच्या पोत्यातून निवडलेल्या चाळीस कोयी घातल्या. कडेला शेवगा आणि कढीपत्ता. सव्वीस फणस, चौदा जांभळे आणि एकोणीस आंबे पहिला उन्हाळा काढून उभे आहेत. त्यांतली बरीचशी पुढे विरळ करून इतरांना द्यावी लागतील. नाशिकच्या त्या अभियंत्याचा करार संपून तो व्हाइटफील्डला गेला, आणि जाताना त्याने दोन आंब्यांना दोऱ्या बांधून ठेवल्या आहेत.

पर्यावरण दिनाच्या एकशेवीस रोपांचे बिल चुकते झाले आहे. आमच्या पट्टीसाठी मी खजिनदारांच्या सांगण्यावरून शून्य रुपयांचे एक व्हाउचर करून दिले होते. त्यावर या वर्षी संकुलाच्या लेखापरीक्षकांनी शेरा मारला आहे: पुरवठादाराचे नाव नमूद नाही.